टिटवीच्या फोटोवरचे डाग

प्रिय वसंता,

‘प्रिय’ लिहिलं आणि थांबले. आज तुझ्यावर इतकी चिडले आहे की तो शब्द खोडावासा वाटला. पण खोडून दुसरं काय लिहू? असू दे.

काल नानासाहेब वकिलांचा माणूस शाळेत चिठ्ठी घेऊन आला होता. दिवाळीनंतर वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझ्या पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं हे पंधरा दिवसांपूर्वीच ठरलं आहे. अध्यक्ष अर्थातच नानासाहेब. ‘दिवंगत बंधूंविषयी श्रद्धांजलीपर दोन शब्द लिहून द्यावेत, मजकूर आटोपशीर असावा,’ असं मला कळवलं आहे. शाळेतून आल्यावर कागद घेऊन बसले. ‘माझा धाकटा भाऊ अत्यंत मनमिळाऊ होता’ एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. मनमिळाऊ! तू लबाड होतास. हसत हसत तोंडावर खोटं बोलायचास.

म्हणून श्रद्धांजली राहू दे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू समोर नाहीस.

तुझी डार्करूम आम्ही गेल्या रविवारी उघडली. तू गेल्यापासून तिला कुलूप होतं. स्टुडिओ मात्र बंद नाही, हे तुला सांगायला हवं. सुमन चालवते. पासपोर्टचे, शाळेतल्या पोरांचे फोटो तीच काढते आणि रोल धुवायला माळीवाड्यात दुसऱ्याकडे पाठवते. आतल्या खोलीत पाऊल टाकायचा तिला धीर होत नव्हता. "वन्सं, तुम्ही बरोबर असाल तर उघडते," म्हणाली. प्रदर्शनासाठी फोटो निवडायचे होते, म्हणून गेलो. तुझा डागाळलेला कोट खिळ्यावर, ट्रे पालथे घातलेले, आणि वरच्या फळीवर बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा, ज्याला तू कुणाला हात लावू देत नव्हतास.

सुमननं झाकण काढलं आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई!"

टिटव्या, शेकाट्या, ढोकऱ्या, लव्हाळ्यातली पाणकोंबडी. सगळ्यांवर डाग. चहा सांडावा तसे तपकिरी. कडा पिवळ्या पडलेल्या. काही फोटोंत पाखरू कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं तेच कळेना. निगेटिव्ह उजेडाला धरल्या तर त्यांच्यावरही डाग, आणि वर मिठासारखी पांढरी खर.

"ह्यांच्या हातचा फोटो असा कधी झाला नाही," सुमन म्हणाली. "पावसाळ्याची ओल लागली असेल का हो?"

काय झालं ते मला तिथंच कळलं होतं. तूच शिकवलं होतंस ना!

मी मराठी शिकवणारी बाई, रसायनातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून तू किती चिडवायचास. "अक्का, ह्याच्यावर तुझ्या पुस्तकात कविता नाही बरं का." मग लाल दिव्याखाली ट्रे हलवत सांगायचास. कागदावर चित्र उमटलं की ते पक्कं करायला हायपोच्या पाण्यात टाकायचं. पण काम झाल्यावर तोच हायपो कागदात राहिला, तर पुढं तो चित्राला आतून खायला लागतो. म्हणून शेवटी धुवायचं. स्वच्छ, गाळ नसलेलं पाणी घ्यायचं, बदलायचं, पुन्हा घ्यायचं, पुन्हा बदलायचं. "पाहुणा आहे तो, अक्का. जेवण झालं की दारापर्यंत पोचवून यायचं, नाहीतर घर खातो."

एकदा कुणीतरी आपल्या आजोबांचा पिवळा पडलेला फोटो घेऊन आलं होतं. तू तो बराच वेळ उजेडात धरून पाहिलास आणि म्हणालास, "पुन्हा धुतला तर उरलंय तेवढं टिकेल. गेलेलं परत यायचं नाही." ते वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं होतं, छान आहे म्हणून. छान! आता ते वाक्य माझ्याच अंगावर आलं आहे.

तू तुझे स्वतःचे फोटो धुतले नव्हतेस, वसंता. एकदा बुचकळून बाहेर काढले असशील, बस. आणि मग माझं पाणी कुठं गेलं?

गेल्या उन्हाळ्यातली पाण्याची दशा तू विसरला नसशील. नळ कोरडे, टँकर आला की गल्लीत हाणामारी, बादलीच्या रांगेवरून शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या. माझ्या बिऱ्हाडामागच्या आडाला तेवढं गोडं पाणी टिकून होतं, आणि मालकीणबाईंनी प्रत्येक बिऱ्हाडाचा वाटा ठरवून दिला होता. तू आलास, ओट्यावर बसलास, मान खाली घालून म्हणालास, "अक्का, हौदातलं पाणी गिऱ्हाइकांच्या फोटोंनाच पुरत नाही. पाखरांचे धुवायचे राहतात."

मी क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या वाट्यातलं ने," म्हटलं.

दर शनिवारी संध्याकाळी गवळ्याकडून मागून आणलेले दुधाचे दोन कॅन सायकलीला बांधून तू यायचास आणि भरून न्यायचास. रविवारी तू पाखरांचे फोटो काढायला तळ्यावर जाणार आणि परत आलास की धुणार, असा माझा समज. त्यासाठी मी काय काय केलं, सांगू? केस धुणं बंद केलं. भांडी राखेनं कोरडीच घासली. तीच साडी अंगावर वाळवली. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुली रुमाल नाकाला लावतात तो उकाड्यामुळे की माझ्यामुळे, असं मनात यायचं. पण म्हणायची, जाऊ दे, वसंताच्या टिटव्या टिकतील.

आणि दर वेळी विचारायची, "नीट धुतोस ना रे?"

"आरशासारखे, अक्का!"

आरशासारखे! जीभ कशी रेटली तुझी?

तुझ्या स्टुडिओच्या काचेतला नानासाहेबांचा फोटो आठव. डाव्या हातात बंदूक, पाय दगडावर, आणि पायाशी दोरीला ओवलेली थापट्या बदकं. ती बदकं त्याच तळ्यावरची. नानासाहेबांकडे परवाना होता, कायद्यानं त्यांना मुभा होती, हेही मी न्यायानं लिहिते. गिऱ्हाईक म्हणून आले, तू फोटो काढलास, त्यातही गैर काही नाही. रस्त्यावरच्या लोकांनी बघावा म्हणून त्यांनीच तो काचेत लावायला सांगितला, तू लावलास. त्यांच्या हनुवटीखालची दुसरी हनुवटी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तू नाहीशी केलीस, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या फोटोला वर्षं झाली. परवा मुद्दाम जवळ जाऊन बघितला. एक डाग नाही! मेलेल्या बदकाचं पीस न् पीस मोजता येतं. कारण गिऱ्हाइकाचा फोटो कच्चा धुऊन द्यायचा नाही, हा तुझा धर्म.

म्हणजे मेलेली बदकं लखलखीत आणि तुझी जिवंत टिटवी डागाळलेली. ह्याला काय म्हणायचं, तूच सांग!

नवऱ्या मुलींच्या गालांवरचे देवीचे वण तू पेन्सिलीनं मिटवायचास, किती नाजूक हातानं. पण पाखरांच्या निगेटिव्हला पेन्सिल लावायची नाही. मी विचारलं होतं, का रे? "त्यांची लग्नं जमवायची नाहीत, अक्का." हसलो होतो दोघं.

डबा उघडल्यापासून दोन-तीन दिवस मी धुमसत होते. पाणी तू विकलंस की काय, इथपर्यंत माझं मन गेलं. होय, गेलं. तू आयुष्यात कुणाकडून आणा जास्त घेतला नाहीस हे माहीत असून गेलं. मग बाजाराच्या दिवशी ठकूबाई आली.

तुला ती माहीत आहे. मला माहीत नव्हती. मी शाळेतून येताना स्टुडिओत सुमनजवळ टेकले होते. उन्हानं रापलेली, काटक, डोक्यावर बाजरीचं गाठोडं, अशी एक बाई पायरीवर उभी राहिली.

"फोटूवालं दादा हाईत का?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "काय काम होतं?"

"त्येंनी माझा फोटू काढलाय. तळ्यावर गाळाचं काम चालू हुतं ना, दुस्काळी, तवा. म्हन्ले हुते, सुगी झाली की ये, देतो. म्हनून आले. फुकट नगं, ही बाजरी आनलीया."

मी तिला सांगितलं. तिनं गाठोडं डोक्यावरून उतरवलं आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, "आरं देवा. आन् आमाला पानी पाजून गेलं की वो."

"कुठलं पाणी?" मी विचारलं. माझ्या आवाजाला धार आली असणार, कारण सुमन उठून उभी राहिली.

मग जे काही कळलं ते ठकूबाईकडून कळलं. माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला पाथर्डीकडच्या एका परक्या बाईकडून कळावं!

ती म्हणाली, तळं पार आटलं होतं. मधोमध एक डबकं राहिलं होतं आणि त्याच्या कडेला टिटवीनं अंडी घातली होती. "पार तळात वो, बाई! टिटवी उंचावर अंडी घालती तवा पाऊस लई. तळात घातली का समजायचं, औंदाबी कोरडं. आमच्या तोंडचं पानीच पळालं. मुकादम म्हन्ला, आसं कसं चालंल? उचला ती अंडी आन् ठिवा भरावावर. उंचावर गेली का येईल पाऊस."

"मग?"

"मंग काय, दादा मदी आले. दर आयतवारी त्या डबक्यापाशी गोनपाट घिऊन पडल्यालं असायचं, कॅमेरा लावून. म्हन्ले, अंडी हालवली तर ती बसायची न्हाई, मरतील. मुकादम म्हन्ला, तुमाला पाखरं, आमाला पाऊस. मीबी बोलले, खोटं कशाला सांगू! म्हन्लं, दादा, तुमाला काय हुतंय? तुमी नगरात नळाचं पानी पिता आन् सायकलीवर हवा खायाला येता. आमी झिऱ्याचं गढूळ पितो. आमाला पाऊस पायजे."

"मग तो काय म्हणाला?"

"मंग म्हन्लं, मी तुमाला चांगलं पानी आनून देतो दर आयतवारी. तेवढा टिटवीचा तुकडा खांदू नगा. मुकादम हासला. म्हन्ला, दोन डब्यानं कुनाची तान भागतीया? तवा दादा म्हन्ले, ल्हान पोरं हाईत त्येंची तरी भागंल. आमी बाया म्हन्लो, आना. सोडला तुकडा."

बघितलंस? एका टोमण्यावर तू माझं पाणी देऊन टाकलंस.

"अंड्यांचं काय झालं?" सुमननं विचारलं. तिला तेच विचारायचं सुचलं.

"पिल्ली निगाली की! दादा येड्यासारखं नाचलं. आन् पुढं पाऊसबी पडला, तळं भरलं. मी मुकादमाला म्हन्लं, बग, कुठं गेली तुजी टिटवी? तर म्हनतो कसा, वर ठिवली आसती तर अजून पडला आसता!"

तिघीही हसलो, वसंता. तू गेल्यानंतर स्टुडिओत पहिल्यांदा कुणी हसलं.

मग मी तो प्रश्न विचारला. "तो स्वतः काय प्यायचा तिथं? दिवसभर?"

"आमच्या झिऱ्याचं. आमी म्हनायचो, तुमी आनलंय त्यातलं घ्या की घोटभर. हासायचं. म्हनायचं, माजं पोट नगरचं हाय, दगूडबी पचतो."

इथं माझं डोकं फिरलं. अजून ठिकाणावर नाही.

मूर्खा! स्वच्छ पाण्याचे दोन कॅन सायकलीवर बांधून उन्हातान्हात तू ते ओढत नेलेस आणि वाळूत खणलेल्या खड्ड्यातलं पाणी प्यायलास? कुणाला दाखवायला? त्या बायांनी तुला नको म्हटलं असतं का? घोटभर?

डॉक्टरांनी कावीळ म्हटलं. कुठल्या पाण्यानं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तसं सांगताही येत नाही. त्या उन्हाळ्यात नगरातही घरटी कुणी ना कुणी काविळीनं पडलेलं होतं. तेव्हा झिऱ्याच्या पाण्यानंच तू गेलास असं मी लिहिणार नाही. मला ते ठाऊक नाही. पण तू आजार लपवलास, हे मला ठाऊक आहे. अंगात कसर होती, अन्न जात नव्हतं, आणि तू डार्करूममध्ये जाऊन बसलास. सुमनला वाटलं, लग्नसराई आहे, कामं तुंबली असतील. ती चहा द्यायला आत यायची तेव्हा तू लाल दिव्यात असायचास. त्या दिव्यात पिवळे डोळे दिसत नाहीत! हे तुला माहीत होतं की नव्हतं? खरं सांग. ज्या दिवशी तू दुपारच्या उन्हात बाहेर आलास त्या दिवशी ती किंचाळली, आणि तोवर उशीर झाला होता.

तिला काय सांगू मी? ती अजून विचारते, "मला कसं दिसलं नाही वन्सं?" तुझ्या त्या दिव्यानं तुझ्या बायकोला जन्माची टोचणी लावून दिली आहे. ह्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

आता माझं. तहानलेल्या लेकरांना पाणी दिलं म्हणून भावावर डाफरणारी मी कोण? हा प्रश्न मी डायरीत पुन्हा पुन्हा लिहिला आणि खोडला. पाणी गेल्याचा राग आहे का मला? धुंडाळून पाहिलं. नाही. मग कशाचा? तू मला विचारलं नाहीस, ह्याचा. मी नाही म्हणेन असं वाटलं तुला? आणि म्हटलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, पहिल्या शनिवारी कदाचित कुरकुरले असते. ‘गावची कामं सरकारची, तू कशाला मध्ये पडतोस’ असंही म्हणाले असते. पण दिलं असतं रे. दोन घागरी जास्त दिल्या असत्या, तुझ्या बायांनाही आणि तुझ्या फोटोंनाही. मालकीणबाईंच्या हातापाया पडले असते. ते ठरवायची संधीच तू मला दिली नाहीस. चांगुलपणा तू एकट्यानं करून घेतलास आणि मला टिटवीसाठी केस न धुणारी खुळी बहीण करून ठेवलंस.

ठकूबाईचा फोटो डब्यात सापडला. हातात टिकाव, कपाळावर आडवा हात, डोळे बारीक केलेले. पदरावर मोठा डाग. मी तिला म्हटलं, धुवायला पाणी पुरलं नाही म्हणून असं झालं. ती काही भोळी नाही. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मंजी ह्याच्या आंगूळीचं पानी आमी पेलो म्हना की!"

"हो," मी म्हटलं.

"तरीच त्ये गोड लागायचं," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. बाजरी परत न्यायला ती तयार होईना. सुमननं तिला फोटो तसाच दिला नाही. नीट करून देते, दिवाळीनंतरच्या बाजाराला ये, म्हणाली.

आणि आज दुपारी नानासाहेब स्वतः स्टुडिओत आले. टेबलावर तुझे फोटो पसरलेले. त्यातला तो एक तर तुला सांगायलाच हवा. टिटवी डबक्यावरून परत येते आहे, पोटाची पिसं भिजून चिकटलेली, आणि एक थेंब खाली निसटताना पकडलेला. खाली अंडी. हा फोटो काढलास त्या रविवारी तू माझ्या दारात सायकल टाकून धावत आला होतास. "अक्का, तिनं पाणी आणलं! पोट भिजवून आणलं आणि अंड्यांवर बसली, गार करायला!" तू लहान असताना ओढ्यातले मासे हातात धरून असाच यायचास. तेव्हा तरी सांगायचं होतंस ना मला, की तूही तेच करतो आहेस! तर त्या फोटोवर सगळ्यात जास्त डाग आहेत. मानेवर, आभाळात, थेंबाच्या आजूबाजूलाही.

नानासाहेबांनी तोच उचलला. "अरेरे! पण काळजी करू नका बाई. पुण्याला माझ्या ओळखीचा आर्टिस्ट आहे. निगेटिव्हवर हात फिरवला की हे सगळे ठिपके गायब. टिटवी नवीकोरी करून देईल."

"कुठले ठिपके काढणार तो?" मी विचारलं.

"हे काय, हे, हे, आणि हा पोटाखालचा."

त्यांचं बोट थेंबावर होतं.

"नानासाहेब, ते पाणी आहे."

"हो का? असेल, असेल. पण बघणाऱ्याला डागच वाटणार ना! आणि डागाळलेले फोटो भिंतीवर लावले तर गेलेल्या माणसाचंच नाव खराब होतं. आमचा वसंता, किती जीव त्याचा पाखरांवर!"

आमचा वसंता! मी म्हटलं, "मग तुमचा बदकांचा फोटो लावा की हॉलमध्ये. तो स्वच्छ आहे. वसंतानं चांगला धुतलाय."

नानासाहेब उभे राहिले, टोपी घातली. "तुम्ही दुःखात आहात म्हणून मी मनावर घेत नाही. पण बाई, वसंता असता तर असं बोलला नसता."

ते खरं आहे, आणि त्याचाही राग आहे मला! तू बोललाच नसतास. ‘बघू की, नानासाहेब’ म्हणून हसला असतास. तू सगळ्यांनाच हसून वाटेला लावलंस. त्यांना, सुमनला, मला. खरं बोललास ते फक्त तळ्यावरच्या त्या बायांशी, कारण त्यांनी तुला तोंडावर सुनावलं. आम्हीही सुनावायला हवं होतं का?

ते गेल्यावर सुमन म्हणाली, "वन्सं, हॉल आता मिळायचा नाही."

"मग?"

"मग काही नाही. आपली काच आहे की," ती म्हणाली, आणि डार्करूममध्ये जाऊन एकटीनं ट्रे धुवायला घेतले.

मी घरी येऊन आडाचं पाणी शेंदलं. आता तो काठोकाठ आहे, मालकीणबाई वाटे विसरून गेल्यात. घागरी घेऊन परत गेले आणि आम्ही दोघींनी बसून पहिला रोल धुतला. पाणी घ्यायचं, बदलायचं, पुन्हा घ्यायचं. सुमनचा हात तुझ्यासारखाच हलतो, तुला माहीत होतं का? पांढरी खर गेली. डाग गेले नाहीत. गेलेलं परत आलं नाही, तू म्हणाला होतास तसंच. मान डागाखालीच राहिली. पण पोट आहे, भिजलेलं. थेंब आहे. सुमननं निगेटिव्ह दोरीला लावली आणि म्हणाली, "एवढं टिकलं तरी खूप झालं, नाही?" मला ते खूप वाटत नाही. मला सगळं हवं होतं, तुझ्यासकट.

तेव्हा वसंता, आता ऐक. राग जाईल असं वचन मी देत नाही. देते ते एवढंच.

डब्यातलं सगळं आम्ही दोघी धुणार आहोत, पाण्याला हात आखडता न घेता. तुझ्या पाखरांना कुणाची पेन्सिल लागू देणार नाही, पुण्याची नाही की नगरची नाही. ठकूबाईला तिचा फोटो तिच्या बाजाराच्या दिवशी मिळेल. नानासाहेबांचा फोटो मी काचेतून काढून, पुसून, कागदात गुंडाळून त्यांच्या घरी पोचता करीन. त्या जागी टिटवी लागेल, डागांसकट. आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणी विचारलं की बाई, हे डाग कसले, तर तुझ्यासारखं हसून वाटेला लावणार नाही. उंबऱ्यावर उभी राहून सांगेन, ह्याचं पाणी तळ्यावरच्या पोरांनी प्यायलंय.

तुझ्यावर रागावलेली,
अक्का